होडीच्या तळाला काय टाकावं? कार्पेट, फोम, रबर का साध्या फळ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुक्ताईनगरकडच्या बाजूने हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला 14 फुटी फायबरची होडी आहे, बापलेक दोघं जाळं टाकतात, मोटर नाही, वल्ह्यावरच काम चालतं. तळ गुळगुळीत म्हणून पाय सरकतो, मे महिन्यात पाय भाजतात, वडिलांचे गुडघे दुखतात. एक दुकानदार म्हणतो मरीन कार्पेट घ्या, दुसरा म्हणतो हिरवं प्लास्टिकचं गवत टाका, आणि व्हिडिओत बघावं तर सगळे फोमशीट चिकटवतात. तर घ्यायचं काय?

सरळच सांगतो भाऊ, पूर्ण तळ झाकायचा विचार आधी डोक्यातून काढा. होडी म्हणजे काय घरातला हॉल नाही की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट मारून मोकळं व्हायचं. जाळं ओढणारा माणूस होडीत दोन-तीन जागीच उभा राहतो, एक जण पुढे नाकाजवळ, वल्हं मारणारा मधल्या फळीवर, आणि मासा काढताना जिथे गुडघे टेकतो ती जागा. तेवढ्याच जागा नीट करायच्या, बाकी तळ उघडाच राहू द्यायचा, आणि जे काही टाकाल ते एका हाताने उचलून काठावर ठेवता आलं पाहिजे. चिकटवलेलं काहीच नको. मी फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो म्हणून हे एवढं ठासून सांगतोय, कारण दगडावर घासून होडी गेली की ते दिसतं आणि माणूस लगेच घेऊन येतो, पण आतून सडत चाललेली होडी कळतच नाही, वरचं कार्पेट उपटल्यावर कळते.

त्याचं कारण समजून घ्या. फायबरच्या होडीला बाहेरून जेलकोटचा चकचकीत थर असतो, आतल्या बाजूला मात्र बऱ्याच होड्यांना नुसतं रेझिन (काचेचे धागे बांधून धरणारा, वाळून कडक होणारा चिकट रस) किंवा वरून एक पातळ रंगाचा हात असतो. आतल्या तळावर दिवसरात्र ओलावा राहिला तर पाणी हळूहळू रेझिनमध्ये मुरतं, फोड येतात, काचेचा धागा मोकळा व्हायला लागतो. उघड्या तळाला काही होत नाही कारण होडी काठाला ओढली, ऊन लागलं, तास दोन तासात खडखडीत. चिकटवलेल्या कार्पेटखाली ते पाणी आठ-आठ दिवस बसून राहतं. त्यात आपल्याकडे नुसतं पाणी नाही, गाळ आहे. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, पूर्णा येते काळ्या मातीतून, आणि हतनूरच्या धरणात किती गाळ भरलाय ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही रोज त्यातूनच होडी ढकलता. ती काळी माती इतकी बारीक असते की कार्पेटच्या केसात गेली की कितीही पाणी मारा निघत नाही, ओली असली की साबणासारखी निसरडी आणि वाळली की त्याचं ढेकूळ. गोव्याच्या किंवा परदेशातल्या होडीवर, जिथे रेती आणि स्वच्छ पाणी आहे, तिथे कार्पेट चालत असेल. काळ्या गाळात नाही चालत.

दुसरी गोष्ट, व्हिडिओतले लोक गळाने मासे धरतात, हातात एक दांडी आणि एक दोरा. तुम्ही जाळं टाकता. हा फरक फार मोठा आहे आणि दुकानदाराला तो माहीत नसतो. नायलॉनचं बारीक जाळं तळावर ढीग होऊन पडतं आणि तळाला जिथे जिथे टोक, भोक, कड, स्क्रूचं डोकं असेल तिथे तिथे ते अडकतं. म्हणून कुठलीही मॅट घेताना माझी पहिली परीक्षा हीच, जुन्या जाळ्याचा एक तुकडा घेऊन जायचं, दुकानातच मॅटवर टाकायचा आणि ओढायचा. अडकलं तर पुढे बोलायचंच नाही. हिरवं गवत इथेच नापास होतं. तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचे एक म्हातारे भोई बाबा मला म्हणाले होते, "हाई गवत शे का जाळाना दुश्मन शे?" (हे गवत आहे का जाळ्याचा दुश्मन?) आणि त्यांचं बरोबर होतं, प्लास्टिकच्या प्रत्येक पात्यात जाळ्याचा फास बसतो, वरून शिंगाडा मासा आला की त्याचे काटे एकीकडे जाळ्यात, दुसरीकडे गवतात, आणि तुम्ही भर उन्हात बसा सोडवत. खवले तर त्यातून निघतच नाहीत, दोन दिवसात असा वास सुटतो की होडीत बसवत नाही. ऊन खाऊन पाती ठिसूळ झाली की तुकडे पाण्यात पडतात ते वेगळंच. गवत फक्त फोटोत छान दिसतं.

भोकंभोकंवाली रबर मॅट किंवा प्लास्टिकच्या एकात एक अडकणाऱ्या टाइल, हॉटेलच्या मोरीत असतात तशा, यांचं पाणी निचरायचं काम एकदम भारी आहे, पाय पण सरकत नाही, पण तीच अडचण, भोकात जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, भोकात माशाचे पर, भोकात फास. गळाने मासे धरणाऱ्याला मी बिनधास्त घ्या म्हणेन. जाळंवाल्याला नको. फार तर मागच्या टोकाला जिथे बर्फाची पेटी ठेवता तिथे एक तुकडा टाका, पेटीखाली हवा खेळते आणि तिथे जाळं येत नाही.

आता फोम. ईव्हीए फोम हा प्रकार मला आवडतो, उगाच नाव ठेवणार नाही. हलका आहे, आतले कप्पे बंद असतात म्हणून चांगल्या प्रतीचा असेल तर पाणी पीत नाही, पाण्यात पडला तर तरंगतो, गुडघ्याला मऊ लागतो, आणि आवाज खातो. आवाजाचं लोक मनावर घेत नाहीत पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीने जास्त वेगाने जातो, फायबरवर लोखंडी नांगर आदळला की खालच्या माशाला लगेच कळतं. फक्त बाजारात ईव्हीए म्हणून जे मिळतं त्यात खूप फरक आहे. लहान पोरांच्या खोलीत टाकतात त्या रंगीत कोडं जोडायच्या मॅट, किंवा योगा मॅट, या होडीसाठी नाहीत, त्या फार मऊ असतात, टाचेखाली दबून खड्डा पडतो तो परत वर येत नाही आणि जाळ्याचं शिसं घासून घासून तुकडे निघतात. होडीसाठी जो बनवतात तो घट्ट असतो, साधारण 6 मिलीमीटर जाडीचा, वरून खरखरीत केलेला किंवा चौकटी कोरलेला.

ओळखायचं कसं? नखाने जोरात दाबा, खूण पडली तरी मिनिटभरात जवळजवळ भरून आली पाहिजे. हातभर तुकडा मागून घ्या, ब्लेडने मधून कापा, वजन करा, मग दगड ठेवून रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी वरून पुसून परत वजन करा, वाढलं असेल तर त्याने पाणी प्यायलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो तुकडा कडेकडेने पेनने आखून गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन दिवस टाका आणि परत त्याच आखलेल्या जागी ठेवून बघा. हा फोम उन्हाने आकसतो. चिकटवलेला असेल तर कडा वर उचलतात, मधे फटी पडतात, आणि त्या उचललेल्या कडेत जाळं अडकतं. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो ती सावलीतली हवा झाली, उन्हातला काळा तळ त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून काळा, निळा, गडद राखाडी घेऊच नका, दिसायला कितीही भारी दिसला तरी. फिक्का राखाडी किंवा बदामी घ्या. एकदम पांढरा पण नको, पाण्यावरचं ऊन तसंच डोळ्यात जातं, त्यात खालून पांढरा चमकला तर दुपारी डोकं दुखतं.

पुढेमागे मोटर लावायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, पेट्रोल सांडलं की ईव्हीए फुगतो आणि सैल पडतो, टाकीखाली वेगळा रबराचा ट्रे हवा.

रबराचं बोलायचं तर आपल्याकडे सहज मिळणारा म्हणजे गोठ्यात गाई-म्हशीखाली टाकायचा मॅट, शेतीच्या दुकानात पडलेलेच असतात. मजबूत आहे, वरून खवले-खवले असतात म्हणून पाय धरतो, जाळं पण फारसं अडकत नाही, कोयता पडला तरी काही होत नाही. पण वजन! साडेसहा बाय चार फुटाचा, दीड-पावणेदोन सेंटीमीटर जाडीचा एक मॅट 40 किलोच्या पुढे जातो. म्हणजे तुम्ही एक पोरगं कायमचं होडीत बसवून वल्हं मारताय. तुमच्या होडीचा सपाट तळ साधारण 8 बाय 3 फूट धरला तर 10 मिलीमीटर रबर त्यावर 28-30 किलो होतं, 12 मिलीमीटरचं प्लायवूड 17-18 किलो, आणि 6 मिलीमीटरचा फोम तीन किलोच्या आत. मोटरवाल्याला हा फरक जाणवणार नाही, वल्हंवाल्याच्या खांद्याला संध्याकाळी जाणवतो, आणि चिखलातून होडी ओढताना तर विचारूच नका, पाणी उतरलं की अर्धा फर्लांग ओढावी लागते. शिवाय रबर काळाच मिळतो, दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. भंगारात जुना कन्व्हेअर बेल्ट मिळतो तो पण लोक आणतात, त्याचं पण तेच, आणि कापलेल्या कडेतून आतला धागा निघतो तो जाळ्यात जातो. रबराचा एक छोटा तुकडा, दीड बाय दीड फुटाचा, नांगर ठेवायच्या जागी जरूर टाका. तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

जळगावची चटई सगळेच टाकतात, एमआयडीसीत कारखाने आहेत, स्वस्तात मिळते, घडी होते, झटकली की साफ. बसून जेवायला झकास. पण उभं राहायला नाही, ओल्या फायबरवर ओली चटई म्हणजे पाय घसरायची शंभर टक्के सोय, चटई तुमच्यासकट सरकते. आणि उन्हात वर्षभरात तिची काडी तुटायला लागते, ते तुकडे जाळ्यात. जेवण झालं की गुंडाळून ठेवा.

केळीच्या पट्ट्यातल्या काही जणांनी ठिबकच्या जुन्या 16 मिलीमीटरच्या नळ्या शेजारी शेजारी बांधून तळाला टाकलेल्या मी पाहिल्यात. डोकं चांगलं चालवलंय, फुकटचा माल, सडत नाही, पाण्यावर तरंगतो, खालून पाणी वाहतं. पण पॉलिथिन ओलं झालं की लोण्यासारखं, आणि गोल नळीवर गुडघा टेकवून बघा वडिलांचा. फळ्यांच्या पाटाखाली आधार म्हणून ह्या नळ्या एकदम कामाच्या, ते पुढे येतंच. पायाखाली नको.

मग तुमच्यासाठी माझं म्हणणं काय? फळ्यांचे उचलायचे पाट, आणि त्यावर फक्त उभं राहायच्या जागी फोम.

पाट म्हणजे दोन इंच रुंदीच्या पट्ट्या, मधे साधारण करंगळी जाईल न जाईल एवढी फट, खाली दोन आडव्या पट्ट्या. एकच मोठा करू नका, तीन वेगवेगळे करा, प्रत्येक साधारण अडीच फूट लांब, म्हणजे एक पाट उचलला की त्याखालचं पाणी डब्याने उपसता येतं आणि बाकीच्यांवर माणूस उभा राहू शकतो. सगळ्यात मागचा किंवा जिथे पाणी गोळा होतं तिथला पाट सगळ्यात लहान ठेवा, तो दिवसातून दहा वेळा उचलायचाय. फट जास्त ठेवली तर बोट अडकतं, शिसं खाली पडतं, फार कमी ठेवली तर गाळाने बंद होते. पट्ट्यांच्या वरच्या कडा रंध्याने गोल करून पॉलिश पेपर मारा, आणि स्क्रू खालून वर घाला, वरून नाही, वर एक पण डोकं दिसता कामा नये. स्क्रू स्टेनलेस 304 चे घ्या, साधे घेतले तर लाकडात गंजून फुगतात आणि पट्टी चिरते. तुमची फायबरची आहे म्हणून, नाहीतर कोणाची ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचं मीठ मारलेलं हिरवट लाकूड अजिबात वापरू नये, तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमला भोकं पडतात.

लाकूड कुठलं? साग असेल तर प्रश्नच मिटला, पण सागाचा भाव बघून लोक पुढचं ऐकत नाहीत. कडुनिंब चालतो, किडा कमी लागतो. बाभूळ टणक पण जड. बांबू स्वस्त आणि हलका, फाडलेल्या कामट्यांचा पाट आपल्याकडे पूर्वीपासून करतात आणि माझ्या मते कमी पैशात तोच सगळ्यात समजदारीचा, फक्त पेरावरच्या गाठी घासून सपाट कराव्या लागतात नाहीतर जाळं धरतात. बांबू थंडीत तोडलेला घ्या आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवा, आतली साखर-पिष्ट निघून गेलं की भुंगा कमी लागतो. नायलॉनच्या दोरीने विणा, खिळे मारले की बांबू उभा फाटतो. दोन-तीन सीझन जातो, मग नवीन.

प्लायवूड टाकायचंच असेल तर आयएस 710 शिक्का बघून घ्या, तेच मरीन, त्याला 72 तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. फर्निचरवाला वॉटरप्रूफ म्हणून जे देतो ते बहुतेक वेळा दुसरंच असतं. आणि मरीन असलं तरी कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर पाणी कडेतूनच शिरतं, सहाही बाजूंना इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनचा) हात मारा, खालच्या बाजूला आधी. लोक वर तीन हात मारतात आणि खालची बाजू कोरी ठेवतात, पाणी तर खालीच असतं ना. पण प्लायचा अखंड तळ मला पटत नाही, खाली काय चाललंय ते दिसत नाही.

लाकडाला व्हार्निश नको, चकचकीत होतं आणि पाय घसरतो. जवसाचं उकळलेलं तेल पातळ पातळ दोन-तीन वेळा द्या, प्रत्येक वेळी जिरू द्या, उरलेलं पुसून घ्या. आणि हे नीट वाचा, ज्या फडक्याने तेल पुसलं ते बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. फडकं पसरून बाहेर वाळत टाका किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

पाट होडीच्या तळावर सरळ ठेवायचा नाही, घासून घासून फायबर झिजतं. आडव्या पट्ट्यांच्या खाली रबराची पट्टी मारा किंवा तीच ठिबकची नळी उभी चिरून पट्टीवर चढवा. उंची मात्र वाढवू नका, पाट धरून इंच-सव्वा इंच पुष्कळ झालं. उभं राहायची पातळी जेवढी वर जाते तेवढी लहान होडी जास्त डोलते, चार इंच वर उचललेला सपाट तळ आरामाचा वाटतो खरा पण दोघं एका बाजूला वाकून जाळं ओढायला लागले की मग कळतं.

पाट सरकू नये म्हणून होडीला भोक पाडायचं नाही, कधीच नाही. बाजूला फायबरचेच दोन-दोन छोटे ठोकळे बसवून घ्या ज्यात पाट अडकून बसेल. हे काम स्वतः करणार असाल तर जागा 40-60 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा, मग काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) एक-दोन टक्के असतो, आपल्याकडे मार्च ते जून कमीच बाजूने घ्या आणि सकाळी सूर्य वर यायच्या आत काम संपवा, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून टाकतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकात कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग हार्डनर. माहिती नसेल तर कारागिराला द्या, तासाभराचं काम आहे.

आता पाटावर फोम. पुढे उभं राहायच्या जागी दोन बाय अडीच फुटाचा एक तुकडा आणि वडील गुडघे टेकतात तिथे एक, तो दुहेरी करा म्हणजे 12 मिलीमीटर होईल, गुडघ्याला 6 पुरत नाही. फोम पाटाला चिकटवला तर चालतो कारण पाट उचलता येतो, पण मग खालच्या फटी बंद होतात, म्हणून फटींच्या रेषेत ब्लेडने फोम पण कापून घ्या. नाहीतर चार कोपऱ्यांना दोरीने बांधा. दोरीची गाठ पाटाच्या खाली. मला बांधलेला जास्त आवडतो, उन्हाळ्यात काढून घरी नेता येतो. चिकटवायचाच असेल तर रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, आणि कडा सरळ न ठेवता तिरक्या कापायच्या म्हणजे जाळं वरून घसरून जातं.

मधल्या उघड्या तळाचं काय, तो तर तसाच निसरडा राहिला? तिथे खरखरीत रंग मारा. तळ घासून, पुसून, रंगाचा एक हात, तो ओला असतानाच वरून बारीक वाळू भुरभुरवायची, वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात. तापीची वाळू चालते पण आधी चार पाण्याने धुवा, माती राहिली तर रंग पापुद्र्याने निघतो, आणि बारीक चाळणीतून चाळा. जाड वाळू टाकली तर पाय सोलतात आणि जाळं पण झिजतं. इपॉक्सीचा रंग धरतो घट्ट पण उन्हाने पिवळा पडून खडूसारखा होतो, म्हणून शेवटचा हात पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) द्या. रंग फिक्काच. पैसे एकदम हातात नसतील तर सगळ्यात आधी हेच काम करा, पाय घसरायचा प्रश्न इथेच बराचसा मिटतो, पाट आणि फोम पुढच्या महिन्यात.

पाय भाजायचं म्हणाल तर त्यावर अजून तरी बारदानापेक्षा भारी काही निघालेलं नाही. ओलं गोणपाट फोमवर टाका, पाणी उडत राहतं आणि खालचं सगळं थंड राहतं, पायाला पण पकड येते, एरवी त्याच गोणपाटाने मासा झाकता ना. कुजतं, वास येतो, जड होतं, सगळं मान्य, पण ते दिवसाचा पाहुणा आहे, संध्याकाळी धुऊन काठावरच्या काट्यांवर वाळत टाकायचं आणि फाटलं की दुसरं. रात्री होडीत ठेवायचं नाही. शिवण सुटलेली घेऊ नका, सुतळीचे धागे जाळ्यात गुंततात, चारी बाजू दुमडून शिवून घ्या. एप्रिल-मेमध्ये मी फोमवर भरवसा ठेवायच्या आधी बारदानावर ठेवीन.

पाटाखालच्या जागेत थर्माकोल भरायचा सल्ला कोणीतरी देईलच, होडी बुडणार नाही म्हणून. सुटा थर्माकोल तिथे नको, चुरा होतो, वर्षानुवर्षं ओल्यात राहिला की पाणी धरतो, पेट्रोल लागलं तर विरघळतो, आणि त्या गोळ्या धरणभर पसरतात. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पुढच्या आणि मागच्या बसायच्या फळीखाली पट्ट्याने आवळून बांधा, 20 लिटरचा एक कॅन जवळजवळ 20 किलो उचलून धरतो. चार कॅन बसले तर होडी पाण्याने भरली तरी धरून राहता येतं. लाइफ जॅकेट वेगळंच, ते अंगावरच हवं.

धुवायचं म्हणजे मासा उतरवला की लगेच, गार पाण्याने. गरम पाणी नको, माशाचा चिकटपणा गरम पाण्याने शिजल्यासारखा घट्ट बसतो. प्लास्टिकचा ब्रश, थोडी कपड्याची पावडर, तारेचा घासा फोमवर चालवू नका. आणि साबणाचं पाणी धरणात नको, पाट काठावर वर आणून धुवा, हे पाणी लोक पितात.

पावसाळ्यात दरवाजे उघडले की होडी वर ओढून पालथी घालता तेव्हा पाट होडीखाली ठेवू नका. काळ्या मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही, वर होडीची सावली म्हणजे तिला आयतं घर. पाट घरी न्या, भिंतीला टेकवून उभे करा, खाली विटा. फोम सपाट ठेवा, गुंडाळी केली तर पुढच्या सीझनला त्याचा बाक जात नाही, आणि उंदरांपासून सांभाळा, माशाच्या वासाने ते फोम कुरतडतात.

वडिलांसाठी अजून एक, गुडघ्याखालचा तुकडा कितीही मऊ केला तरी दिवसभर गुडघ्यावर बसून मासा काढणं त्यांना झेपणार नाही. मधल्या फळीची उंची बघा, बऱ्याच लहान होड्यांत ती इतकी खाली असते की बसलं की गुडघे छातीला येतात. पाट टाकल्यावर इंचभर अजून खाली गेल्यासारखी होईल. त्या फळीवर फोमची दुहेरी गादी बांधा, आणि मासा काढायचं काम फळीवर बसून मांडीवर जाळं घेऊन होईल अशी टोपली त्यांच्या उजव्या हाताला ठेवा. ते डावखुरे असतील तर डाव्या.